कमरेवरची एकच जागा

अमेरिकेत ज्याच्या घरी बंदूक असते त्याच्याकडे सहसा एकच नसते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१७ सालच्या पाहणीत तिथल्या दोन-तृतीयांश बंदूकमालकांनी आपल्याकडे एकाहून जास्त असल्याचं सांगितलं होतं. २९ टक्क्यांकडे तर पाच किंवा त्याहून अधिक होत्या. त्यामुळे एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थाने कमरेला लावायला नवं पिस्तूल घेतलं, की पाठोपाठ प्रश्न उभा राहतो: आता कोणतं काढायचं? तिजोरी भरलेली असते, खर्च थोडा तरी भरून निघावा असं वाटतं, किंवा घरातून अट पडलेली असते की एक आलं तर एक गेलं पाहिजे. बहुतेक जण याचं उत्तर अडगळीच्या हिशेबाने काढतात. सर्वांत कमी वापरलेलं, सर्वांत जुनं, बाकीच्यांशी न जुळणारं, ते बाहेर. मला हा हिशेब उलटा वाटतो. नव्याशी ज्याचं काम तंतोतंत जुळतं, म्हणजे कालपर्यंत जे कमरेला होतं, तेच विकलं पाहिजे. ते अजून चांगलं चालतं, हात त्याला सरावलेला आहे, आणि नेमक्या याच कारणांसाठी ते घरात राहू नये.

अमेरिकेत अगदी सर्रास आढळेल अशी एक तिजोरी समजा. तिच्यात वडिलांकडून आलेलं .४५चं १९११ आहे: ब्राउनिंगची रचना, १९११ साली लष्कराने स्वीकारलेली आणि १९८५पर्यंत चाललेली, सव्वा किलोच्या आतबाहेर वजन, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. रात्री उशाजवळच्या कुलूपबंद पेटीत राहणारं ग्लॉक १९ आहे, पंधरा गोळ्यांचं. पोलीस खात्याने काढून टाकलेलं, स्वस्तात मिळालेलं .४०चं एक पिस्तूल आहे. आणि रोज कमरेला असणारं स्मिथ अँड वेसनचं शील्ड, २०१२ साली बाजारात आलेलं, चपटं, सात-आठ गोळ्यांचं. यात आता सिग साउअरचं पी३६५ आलं. पहिला हात साहजिकच .४०वर पडतो. त्याची गोळी वेगळी, धक्का जास्त, वापर नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेल्यानंतर अधिक परिणामकारक गोळीच्या ज्या शोधाला सुरुवात झाली त्याच्या ओघात .४० जन्माला आली आणि १९९०नंतर देशभरच्या पोलीस खात्यांत पसरली. पुढे एफबीआयच ९ मिलिमीटरकडे परतली आणि खात्यांनी आपली जुनी .४० पिस्तुलं दुकानदारांकडे लोटली. म्हणून ते स्वस्त होतं, आणि म्हणूनच विकायला गेलं तरी हाती फारसं काही लागत नाही. विकायचं असेल तर खुशाल विकावं. पण त्याने खरा प्रश्न सुटत नाही, कारण .४० कुणाच्याच जागेवर बसलेलं नव्हतं.

जागा हवी होती ती कमरेवरची, आणि तिथे एकच मावतं. पी३६५ जानेवारी २०१८मध्ये आलं तेव्हा त्याचं नवल एवढ्यासाठीच होतं की अर्धा किलो वजनाच्या, तळहाताएवढ्या पिस्तुलात त्यांनी दहा गोळ्यांचं मॅगझिन बसवलं होतं. तीनच वर्षांपूर्वी आलेल्या ग्लॉक ४३मध्ये सहा मावत होत्या. थोड्याच काळात इतर कंपन्या त्याच वाटेने गेल्या, आणि खुद्द स्मिथ अँड वेसनने २०२१मध्ये शील्डची वाढीव गोळ्यांची आवृत्ती काढली. म्हणजे शील्डच्या मालकाने पी३६५ घेतलं ते छंद म्हणून नव्हे. जुन्याचंच काम नवं अधिक नीट करील म्हणून घेतलं. मग जुनं ठेवण्याचं कारण काय उरतं? जो माणूस ते विकायला तयार नाही त्याचा नव्यावर अजून विश्वास बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशा अर्धवट विश्वासाने कमरेला शस्त्र लावून फिरणं ही या व्यवहारातली सर्वांत धोक्याची अवस्था आहे.

धोका कसा, ते शील्डवरूनच पाहता येतं. त्याच्या मूळ आवृत्तीला डाव्या बाजूला अंगठ्याने खाली करायची सेफ्टीची कळ आहे; सुरुवातीच्या पी३६५ला ती नव्हती. शील्डला सरावलेला हात पी३६५ उपसतो तेव्हा अंगठा हवेत उगाच फिरतो, बिघडत काही नाही. पण वर्षभर पी३६५ वापरून अंगठा ती हालचाल विसरला, आणि एखाद्या दिवशी कपड्यांच्या सोयीने माणूस पुन्हा शील्ड लावून बाहेर पडला, तर ऐन वेळी चाप ओढूनही काही होणार नाही. मैदानावरच्या सरावात हे लगेच लक्षात येतं, कारण तिथे विचार करायला क्षण मिळतो. घाबरलेला हात विचार करत नाही, तो सवयीने चालतो. याचा पुरावा म्हणून नेमबाजीच्या वर्तुळात १९५२चा हिकचा नियम सांगतात: पर्याय वाढतात तसा प्रतिसादाला वेळ लागतो. पण तो प्रयोग दिव्यांचा आणि कळांचा होता, त्यावर एवढा भार टाकू नये. त्याहून बोलका पुरावा अमेरिकी न्यायालयांत नोंदलेला आहे. २००९च्या पहिल्या दिवशी ओकलंडच्या फ्रूटव्हेल स्थानकावर एका पोलिसाने ऑस्कर ग्रँट या तरुणावर गोळी झाडली आणि आपल्याला टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, काढायचं होतं असं कोर्टात सांगितलं. पुष्कळांना ते पटलं नाही. पण ११ एप्रिल २०२१ला मिनियापोलिसजवळ ब्रुकलिन सेंटर इथे जे घडलं त्याचं चित्रीकरण आहे: पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी झालेली किम पॉटर ही अधिकारी "टेझर, टेझर" असं ओरडत होती आणि तिच्या हातात पिस्तूल होतं. डाँटे राइट त्यात मेला, तिला शिक्षा झाली. टेझर पिवळं होतं, कमरेच्या दुसऱ्या बाजूला होतं, वजनाला हलकं होतं. एवढा फरक असूनही हात चुकला. मग एकाच जागी आलटूनपालटून लावलेल्या, दिसायला जुळ्या भावंडांसारख्या दोन पिस्तुलांत अंगठ्याने न चुकता फरक करावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर धरायची?

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. यंत्र आहे, बिघडणार. दुरुस्तीला कारखान्यात गेलं तर आठवडे जातात. स्वसंरक्षणात वापरण्याची वेळ आलीच तर पोलीस ते पुरावा म्हणून ताब्यात घेतात आणि परत मिळेपर्यंत महिने उलटू शकतात. तेव्हा एक राखीव हवंच. मान्य. पण राखीव म्हणजे काय, हे या लोकांनी पुरतं ठरवलेलं नसतं. ज्याला वेगळं मॅगझिन लागतं, वेगळं होल्स्टर लागतं, ज्याचा चाप वेगळ्या जागी सुटतो आणि कळ वेगळी चालते, ते राखीव नव्हे. ते दुसरं पिस्तूल. राखीव ठेवायचं असेल तर शील्ड विकून आलेल्या पैशांत थोडे घालून दुसरं पी३६५ घ्यावं. हा सल्ला ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो, कारण दोन सारखी पिस्तुलं बाळगण्यात मजा नाही. मजा हवी असेल तर तीही वाजवी गोष्ट आहे. फक्त तिला राखीव म्हणू नये. ऋतूंचा युक्तिवाद यापेक्षा हलका आहे. हिवाळ्यात जाड जाकिटाखाली मोठं, उन्हाळ्यात टीशर्टखाली लहान, असं बरेच जण करतात. पण मोठं म्हणून त्यांच्याकडे ग्लॉक १९ आहेच, आणि त्यालाही अंगठ्याची कळ नाही. शील्ड आणि पी३६५ या दोघांमध्ये ऋतू बसतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की न वापरलेलं पिस्तूल तिजोरीत पडून राहिलं तर काय बिघडलं? तिजोरीत राहिलं तर काहीच नाही. वडिलांचं १९११ म्हणूनच खुशाल राहू द्यावं: ते कुणी कमरेला लावणार नाही, वर्षातून एकदा तेल लावून दहा-वीस गोळ्या झाडल्या की त्याचं समाधान होतं. तिथले शौकीन अशा शस्त्राला थोड्या थट्टेने 'सेफ क्वीन' म्हणतात. आपल्याकडे वाड्यातली तलवार खंडेनवमीपुरती खाली उतरते, तितकीच तिची ये-जा. कमरेवरून उतरलेलं पिस्तूल मात्र असं शांत बसत नाही. ते लहान आहे, भरलेलं ठेवायची सवय आहे, बाहेर जाण्यासाठीच घेतलेलं आहे. त्यामुळे ते तिजोरीऐवजी टेबलाच्या खणात किंवा गाडीच्या डिकीत जातं. गाडीत ठेवलेल्या पिस्तुलाला 'ट्रक गन' असं नावच आहे, आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांचे पोलीस वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आहेत की चोरीच्या बंदुकांचा मोठा वाटा गाड्यांमधून जातो. खणाचा प्रश्न त्याहून वाईट. २०२१मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या.

इथे मराठी वाचक विचारील, आणि त्याने विचारावंच, की मग सगळीच का विकू नयेत? कॅलिफोर्नियातल्या सुमारे २.६ कोटी लोकांच्या नोंदी तपासून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की पिस्तूल असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या आठपट आहे, स्त्रियांमध्ये पस्तीसपट. हा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा मोठा आहे आणि त्याचं प्रामाणिक उत्तर अनेक घरांत 'होय, सगळीच' असंच निघेल. पण ज्याने ठेवायचं ठरवलंच आहे त्याच्यापुरतं हे आकडे एवढं नक्की सांगतात, की कुलपाबाहेर राहण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त ते आधी जावं. ते तिजोरीच्या तळाशी पडलेलं .४० नव्हे, पुन्हा शील्डच.

आपल्याकडे हाच प्रश्न कायद्याने एकदा सक्तीने विचारला होता. १९५९च्या शस्त्र कायद्यातली तीन शस्त्रांची मर्यादा २०१९च्या दुरुस्तीने दोनावर आली. मूळ विधेयकात तर एकच म्हटलं होतं. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना तिसरं वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं होतं. निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात नेऊन देण्याची सवय महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना आहेच, पण ते परत मिळतं. हे जायचं होतं ते कायमचं. आणि इथे निवड किमतीने होते. परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकापासून सामान्य माणसाला बंद असल्यामुळे जुनं विलायती .३२ रिव्हॉल्व्हर नव्याकोऱ्या कानपुरीपेक्षा कितीतरी महाग जातं, म्हणून ते कुणी सोडत नाही, हातात कसं बसतं हे नंतर. अमेरिकेत हा मोह नाही. तिथे शील्डसारखं पिस्तूल लाखोंनी बनलं आहे आणि दुकानदार वापरलेल्याला बरेचदा नव्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. तेव्हा 'तोटा होईल म्हणून ठेवतो' यात फारसा दम नाही. तोटा विकत घेतल्या दिवशीच झालेला असतो. पश्चात्तापाचंही तसंच. वडिलांचं १९११ एकदा गेलं की गेलं, शील्ड उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा मिळेल.

निम्मे पैसे मिळत असूनही दुकानदारालाच द्यावं, असं मात्र मी आग्रहाने म्हणेन. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांना पार्श्वभूमीची तपासणी न करता पिस्तुलाचा सौदा करता येतो. न्यू जर्सीसारखी काही राज्यं ते चालू देत नाहीत. न्यू जर्सीत मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर तिथे कमरेला पिस्तूल लावण्याचा परवाना सामान्य नागरिकालाही मिळू लागला, त्यामुळे ही गोष्ट आता त्यांच्याही घरची आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला बहुतेक परिस्थितींत शस्त्र बाळगताच येत नाही, तेव्हा ओळखीतल्या मित्राला स्वस्तात देऊन टाकू म्हणणाऱ्याने आधी मित्राचे कागद पाहावेत. शिवाय गुन्ह्यात सापडलेल्या शस्त्राचा माग अनुक्रमांकावरून कारखाना, वितरक, दुकानदार असा पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत येऊन थांबतो. पुढच्या खासगी सौद्यांची मध्यवर्ती नोंद नाही. पोलीस येतात ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या दाराशी, आणि त्या वेळी दुकानाची तारखेसह पावती हातात असलेली बरी.

राहिला वेळेचा मुद्दा. शील्ड विकायचं ते पी३६५ घरी आलं त्या संध्याकाळी नव्हे. नव्यातून आधी काही शे गोळ्या झाडाव्यात, त्यांतल्या निदान पन्नासेक रोज कमरेला असतील त्याच जातीच्या, कारण सरावाची स्वस्त गोळी अडकत नाही म्हणून महागडीही अडकणार नाही असं नसतं. होल्स्टर बदलून पाहावं, बसताना टोचतं का, गाडी चालवताना सरकतं का, ते पाहावं. तेवढा काळ शील्ड कमरेला आणि पी३६५ फक्त मैदानावर. दोन्ही आलटूनपालटून लावायची नाहीत. दोनेक महिन्यांत निकाल लागतो. आणि तो निकाल नव्याच्या विरुद्ध गेला, म्हणजे मूठ लहान पडली, नेम हलला, हात अजून ती कळ शोधत राहिला, तर नियम तोच लागू होतो, फक्त माणसाला तो जास्त महागात पडतो: पी३६५ दुकानात परत न्यायचं, शे-दोनशे डॉलरवर पाणी सोडायचं आणि शील्ड होतं तिथे राहू द्यायचं.