शाई आणि भुकटी

मागच्या जुलैमधली गोष्ट. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज मी घरच्या इंकजेटवर छापून दिला. इंजिनिअर मुलगा घरात असताना तिने झेरॉक्सवाल्याकडे कशाला जायचं? कचेरीत पोचेपर्यंत छत्रीचं पाणी कागदावर गळलं आणि अर्ज परत आला. घरी येऊन आई एवढंच म्हणाली, "अरे, त्यांचं नावच पुसलं गेलं रे."

चूक पावसाची नव्हती, माझी होती. इंकजेट म्हणजे अक्षरशः पिचकारी. माझ्या प्रिंटरमध्ये बारीक छिद्रामागचा हीटर शाई क्षणात उकळवतो, बुडबुडा फुगतो आणि काही पिकोलिटरचा थेंब कागदावर उडतो. तो कागदात मुरतो. पण शाई पाण्यात विरघळणारी असली, तर पाणी लागताच पुन्हा पसरते. पिगमेंटची शाई बरीच टिकते म्हणे. माझी त्यातली नव्हती, आणि कार्ट्रिज घेताना ते बघतो कोण!

लेझरमध्ये ओली शाईच नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत भुकटी. लेझरचा किरण विद्युतभारित ड्रमवर अक्षरं उमटवतो, भुकटी तिथे चिकटते, कागदावर उतरते आणि 200 अंशांच्या आसपास तापलेला रोलर ती वितळवून पक्की करतो. म्हणून तर कागद गरम बाहेर येतो. आणि हे तंत्र मुळात फोटोकॉपीचंच. गॅरी स्टार्कवेदरने 1971 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत त्याला लेझर जोडला. म्हणजे आपला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला या घराण्यातलाच!

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच नवा अर्ज काढला. आईने ओल्या बोटाने बाबांच्या नावावर घासून बघितलं. पुसलं नाही. मगच तिने तो पिशवीत ठेवला.

मग इंकजेट भंगारात? छे! हॉलमधला बाबांचा फोटो त्यावरच छापलाय, फोटो पेपरवर. चेहऱ्याच्या त्या छटा कोपऱ्यावरच्या लेझरला जमल्या नसत्या. आणि काचेमागे पाऊस कुठला यायला?

एकच कटकट. बरेच दिवस वापरला नाही, तर छिद्रांत शाई सुकते. म्हणून दर रविवारी एक रंगीत पान काढतो. हल्ली बाबांचे जुने फोटोच काढतो. मी विसरलो, तर आई स्वयंपाकघरातून विचारते, "आजचं पान काढलंस का रे?"