ग्वांगजांगची मावशी

सोल शहरातला ग्वांगजांग बाजार १९०५ सालचा. जपानची पकड कोरियावर घट्ट होत असताना तिथल्या व्यापाऱ्यांनी तो उभा केला. मूळचा लौकिक कापडाचा. आजही रेशीम, रजया आणि लग्नाचे पारंपरिक पोशाख तिथे मिळतात. बाहेरचा माणूस मात्र खायलाच जातो. एका चर्चासत्रासाठी गेले असताना मीही तेच केले.

छपराखालच्या गल्लीत भिजवलेले मूग दगडी जात्यावर वाटले जातात. जाते आता विजेवर फिरते. आपल्याकडे रगड्याचे झाले तसेच. वाटणात मोड आलेले मूग आणि किमची घालून जाडजूड धिरडे भरपूर तेलात तळतात. हे बिंदेत्तॉक. आपल्या हेसरबेळे दोशाचे थोरले भावंडच म्हणा! कडा कुरकुरीत, आत मऊ. पुष्कळदा त्यात डुकराचे मांस असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. नूडल्सचे सारही बहुधा सुक्या मासळीचे.

विक्री करणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यांना गिऱ्हाईक हाक मारते 'इमो'. इमो म्हणजे आईची बहीण. वडिलांची बहीण वेगळी, ती 'गोमो'. कन्नडमध्ये दोड्डम्मा की चिक्कम्मा हे ठरवावे लागते. इमोला तो प्रश्न नाही, ती सरळ आपली मावशी. भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका मालिकेत इथली नूडल्सवाली झळकली आणि परदेशी पाहुण्यांची रीघ आणखी वाढली. २०२३ च्या अखेरीस महाग आणि अपुऱ्या ताटांवरून मोठी ओरड झाली. पदार्थाचे वजन-प्रमाण लिहून लावण्याची योजना शहर प्रशासनाला आणावी लागली. मावशीच्या हातावर भरवसा असायचा, तिथे आता पाटी! ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच, तरी मला वाईट वाटले.

म्हणून मी गर्दीचे ठेले सोडून बोरीबाप मागितला : जवाचा भात, वर पाच-सहा पालेभाज्या, तिखट गोचुजांग, तिळाचे तेल. सगळे एकत्र कालवायचे. शेजारी कापडाचे गठ्ठे वाहणारा एक म्हातारा तेच खात होता. मी नुसते वरवर ढवळते आहे हे पाहून इमोने माझ्या हातातला चमचा घेतला, भात तळापासून कालवला आणि वाडगे पुढे सरकवले.