तोंडओळखीचा वर्ग

तीस वर्षें शिकविण्यांत घालविलेल्या माणसास आपल्याला शिकवितां येत नाहीं हें उमगणें फारसें सुखाचें नसतें. आम्हांस तें दोन वर्षांपूर्वीं कळलें, आणि तेंही वर्गांत नव्हे, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत, एका विद्यार्थिनीच्या तोंडून.

निमित्त झालें तें लाटेकचें. गणिती मजकूर सुबक रचून देणारी ही संगणक-प्रणाली आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस शिकवावी, असें आमच्या मनानें घेतलें. इतर लेखन-प्रणालींत आपण लिहूं तसतसें पान डोळ्यांपुढें उमटत जातें. येथें तसें नाहीं. खिळे जुळविणाऱ्यासाठीं हस्तलिखिताच्या कडेला सूचना लिहाव्यात, त्याप्रमाणें मजकुरांतच आज्ञा लिहावयाच्या. मग तें सारें यंत्राच्या स्वाधीन केलें म्हणजे तें पान रचून देतें. अनुक्रमणिका हवी असेल तर एकदां स्वाधीन करून भागत नाहीं, दोनदां करावें लागतें. पहिल्या खेपेस यंत्र पृष्ठांक टिपून ठेवतें, दुसऱ्या खेपेस ते मांडतें. शिवाय ही प्रणाली मुक्त: तिला मोल नाहीं, तिची घडण कोणीही पाहावी व बदलावी. परंतु जिचा कोणी विक्रेता नाहीं, ती शिकविणें हेंही कोणाच्या खास वांट्याचें काम नसतें. जाणत्यांनीं जाणत्यांसाठीं लिहिलेलीं टिपणें विपुल. नवख्याचा हात धरणारा विरळा. ज्याला हौस असेल त्यानें तें करावें. आम्हांस हौस होती.

सहा रविवारांचा बेत आंखला. पहिल्या रविवारीं तेवीस मुलेंमुली आलीं. फळ्यावर नांव लिहून आम्हीं प्रथम हें सांगितलें कीं, मूळच्या ‘टेक’ या नांवाचें शेवटचें अक्षर इंग्रजी ‘एक्स’ नसून ग्रीक ‘खाय’ आहे. ‘लाटेक्स’ म्हणणें अडाणीपणाचें. (त्यानंतर निम्म्या वर्गानें तें नांव उच्चारण्याचेंच टाळलें, हें आमच्या ध्यानांत फार उशिरा आलें.) मग इतिहास. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून डोनल्ड क्नूथ कसे खट्टू झाले, १९७७ सालीं स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास कसे बसले, लवकर आटोपेल असें वाटलेल्या कामाला सुमारें दहा वर्षें कशीं लागलीं. पुढें त्याच पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं लाटेक कसें उभारलें आणि १९८६ सालीं त्यावरील पुस्तक कसें काढलें. पाठ फार रंगला, असें आमचें मत झालें. साधें एक पान करून पाहावयास आलेल्या मंडळींना आम्हीं सव्वा तास छपाईचें पुराण ऐकविलें होतें.

अखेर फळ्यावरील बारा ओळी उतरवून घ्यावयास सांगितल्या. बहुतेकांचीं पानें निघालीं. शेवटच्या रांगेंत पदार्थविज्ञानाची एक विद्यार्थिनी होती. तिचा एक महिरपी कंस मिटावयाचा राहिला. अशा वेळीं हें यंत्र चूक जेथें झाली तेथें कुरकुरत नाहीं. परिच्छेद संपेपर्यंत चालत जातें, खालीं कोठेंतरी थबकतें, इंग्रजींत दोन दुर्बोध ओळी उमटवितें आणि एक प्रश्नचिन्ह मांडून स्वस्थ बसतें. तेथें ‘एच’ हें अक्षर दाबलें तर तें खुलासा करतें. ‘एक्स’ दाबलें तर काम सोडून देतें. एवढीं दोन अक्षरें आम्हीं सांगितलीं नव्हतीं. आम्ही दोनदां तिच्या मागून गेलों. “जमतंय ना?” म्हणून विचारलें. “हो सर,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारीं ती आली नाहीं. तिसऱ्या रविवारीं नऊच जण उरले. आजकालच्या मुलांत चिकाटी नाहीं, असें आम्हीं घरीं सांगितलें आणि अध्यापकांच्या खोलींतही सांगितलें.

महिन्याभरानें ग्रंथालयांत आम्हांस पाहून ती कपाटाआड होऊं लागली, तेव्हां आम्हीं हांक मारली. जरा वेळानें ती बोलली, “सर, सगळ्यांचं चालत होतं, माझंच तेवढं अडलं. मला वाटलं, माझ्या हातून मशीनच बिघडलं. दुरुस्तीला किती पैसे पडतील, ते विचारायचं धैर्य झालं नाही.”

त्या प्रश्नचिन्हापुढें ती चाळीस मिनिटें बसली होती, आणि तेवढा सारा वेळ आम्ही त्याच खोलींत होतों.

मुंबईच्या आय. आय. टी. नें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नांवानें मुक्त प्रणालींचे ध्वनिचित्रित पाठ सिद्ध केले आहेत. मराठींतही कित्येक आहेत. एकेक पाठ सुमारें दहा मिनिटांचा. ऐकावयाचें आणि शेजारीं तेंच करून पाहावयाचें. ते त्या सुमारास आम्हीं मुद्दाम पाहिले. तेथें शिकणाऱ्यास शिकविणारा वाटेल तेथें थांबवितां येतो. आमच्या वर्गांत ती सोय नव्हती.

दुसऱ्या तुकडीच्या पहिल्या रविवारीं आम्हीं व्याख्यान न देतां सर्वांस एक मोडकी फाइल दिली. तिच्यांतील एक कंस मुद्दाम उघडा ठेवलेला. ती फाइल त्याच विद्यार्थिनीनें तयार केली होती. पांच मिनिटांत सोळाही पडद्यांवर तेंच प्रश्नचिन्ह. प्रथम शांतता, मग शेजाऱ्याच्या पडद्याकडे चोरटी नजर, मग हंशा. आरंभींच हा अपशकून कशाला, असें आमच्या एका सहकाऱ्यांनीं विचारलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही धाकधूक होती. सोळांतील अकरा जण शेवटपर्यंत टिकले. पांच गेले, त्यांपैकीं दोघांचीं कारणें आम्हीं विचारून घेतलीं, तिघांचीं अजून कळलेलीं नाहींत. क्नूथ यांचा इतिहास पांचव्या रविवारावर गेला आहे, आणि ग्रीक अक्षर कोणी विचारलें तरच निघतें.

आपल्या पुस्तकांतील चूक दाखविणाऱ्यास २.५६ डॉलर देण्याचा प्रघात क्नूथ यांनीं पाडला, हें मात्र आम्ही पहिल्याच दिवशीं सांगतों. तें ऐकून त्या विद्यार्थिनीनें आमच्या छापील टिपणांतील एक चूक लगेच काढून दाखविली. आम्हीं दोन रुपये छप्पन्न पैसे देऊं केले. सुटे नव्हते, म्हणून तीन दिले. चव्वेचाळीस पैसे परत करण्याऐवजीं तिनें आणखी एक चूक दाखविली.