खोनोमाचे आल्डर आणि आमचा ऐन

जावयाची बदली दिमापूरला झाली तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "एवढ्या लांब?" दोन वर्षे फोनवरच भेटीगाठी चालल्या. शेवटी डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघे लेकीकडे निघालो. निघायच्या आदल्या रात्री गावाहून भाईजानचा फोन आला. घरामागच्या वरकस जमिनीवरची ऐन-किंजळाची झाडे एक व्यापारी उभ्यानेच घ्यायला तयार होता. सगळ्या भावंडांच्या सह्या हव्या होत्या. "परत आल्यावर बघू," असे म्हणून मी फोन ठेवला, पण तो विषय माझ्याबरोबर प्रवासाला आलाच.

नागालँडमध्ये जायला आपल्याला इनर लाइन परमिट काढावे लागते. ते जावयाने काढून ठेवले होते. दिमापूरहून कोहिमा सुमारे 70 किलोमीटर आणि कोहिमाच्या पश्चिमेला आणखी 20 किलोमीटरवर खोनोमा. अंगामी नागांचे हे गाव डोंगराच्या सोंडेवर वसले आहे. 1879 साली इंग्रज फौजेशी इथे मोठी लढाई झाली होती. खाली दरीत भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांची खाचरे, वर गर्द रान. 1998 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच ठराव करून शिकार बंद केली आणि जंगलाचा मोठा भाग राखून ठेवला. ट्रॅगोपान नावाचा दुर्मिळ रानकोंबडा तिथे आता सुखाने राहतो.

आम्ही एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी उतरलो. घरमालकीण निवृत्त शिक्षिका. लेकीने आमच्या खाण्याबद्दल आधीच कळवले होते. तरी त्यांनी स्वतः येऊन सांगितले, "तुमच्यासाठी भांडी वेगळी काढली आहेत. भात, भाजी, अंडी चालतील ना?" परक्या मुलखात एवढी काळजी कोण घेतो! मी त्यांना दीदी म्हणू लागले.

घराघराच्या भिंतीला लागून सरपणाच्या उंच, नीटनेटक्या थप्प्या रचलेल्या दिसल्या. कापलेली बाजू तांबूस-नारिंगी. मी विचारले, "कसले लाकूड हो हे?" दीदी म्हणाल्या, "आल्डर. नेपाळी लोक उतीस म्हणतात. उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला उतारावरच्या शेतात नेले. झाडे पाहून मी थबकलेच. पुरुषभर उंचीपर्यंत जाड, खडबडीत खोड आणि वर आवळलेल्या मुठीसारखा गाठाळ माथा. काही माथ्यांवर सरळसोट फांद्या, काही नुसतेच बोडके. एका खोडाकडे बोट दाखवून दीदी म्हणाल्या, "हे माझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्या हातचे. अजून लाकूड देते."

फिरती शेती, म्हणजे झूम, ईशान्येत सगळीकडे आहे. रान तोडायचे, जाळायचे, एक-दोन वर्षे पीक घ्यायचे आणि जमीन सोडून पुढे जायचे. पूर्वी जमिनीला दहा-पंधरा वर्षांची विश्रांती मिळे. माणसे वाढली तशी ती कमी होत गेली आणि माती धुपू लागली. खोनोमाच्या शेतकऱ्यांनी मात्र पिढ्यान् पिढ्या वेगळा रिवाज पाळला आहे. ते शेतातले आल्डर मुळातून तोडत नाहीत. रोप सहा ते दहा वर्षांचे झाले की थंडीत, नवी पालवी फुटण्याआधी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर त्याचा शेंडा छाटतात. कापलेल्या जागी चिखल लिंपतात आणि वर दगड ठेवतात, म्हणजे खोड सुकत नाही, चिरत नाही. कडेने ढीगभर धुमारे फुटतात. त्यातले चार-सहा जोमदार राखून बाकीचे काढून टाकतात.

छाटलेल्या फांद्यांचे वासे आणि सरपण होते. डहाळ्या नि पाला शेतातच जाळून राख मातीत मिसळतात. मग दोन वर्षे मका, बाजरीच्या जातीची धान्ये, बटाटा, मिरची, घेवडा. त्यानंतर दोन-चार वर्षे जमीन मोकळी सोडतात. तेवढ्यात राखलेले धुमारे पुन्हा तोडणीला येतात.

जमीन एवढ्या लवकर सावरते कशी? दीदींनी काठीने माती उकरून एक बारीक मूळ दाखवले. त्याला दाण्यांसारख्या गाठी होत्या. आपल्याकडे उडीद-मुगाच्या मुळांना असतात तशाच. या गाठींतले फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव हवेतला नत्र मातीला मिळवून देतात. वरून पाला कुजतो, खालून मुळे उतार धरून ठेवतात. सिक्कीम-दार्जिलिंगकडे मोठ्या वेलचीच्या बागांना सावली म्हणून हेच झाड लावतात, तेही याच गुणामुळे.

लाकूड म्हणाल तर हलके आणि मऊ. सागाची ऐट त्याला नाही. उघड्यावर ऊनपावसात ते लवकर कुजते. पण सरपण, कोळसा, फळ्या, खोकी यांना उत्तम. सालीतून तांबडा रंगही निघतो. याच्या युरोपातल्या भावंडाची तर वेगळीच कथा. ते सतत पाण्याखाली राहिले तर शतकानुशतके टिकते, म्हणून व्हेनिस शहराच्या पायात जे लाकडी खांब ठोकले त्यांत आल्डरही होता. त्याच्या कोळशाची बंदुकीची दारू चांगली होई. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन मासा आल्डरच्या धुरावर धुरवतात. हे ऐकून आमच्या कोकणी घरच्या माणसाचे डोळे चमकले!

शेताच्या टोकाला एक तरुण झाडावर चढून कोयता चालवत होता. मी दीदींना विचारले, "एकदम बुंध्यातून तोडून विकले तर पैसे जास्त नाही मिळणार?"

"मिळतील की," त्या सहज म्हणाल्या. "एकदा. मग पुढच्या वर्षी चूल कशावर पेटवू?"

मला दादाजान आठवले. भाताची रोपे टाकण्याआधी राब भाजायला ते ऐनाचा कवळ तोडत. फांद्या उतरवत, पण शेंडा ठेवत. झाड एका वर्षी छाटले की त्याला पुढे विश्रांती देत. आम्ही पोरे कवळाच्या भाऱ्यांवर उड्या मारायचो. ऐनाच्या मुळांना अशा गाठी नसतात, तो आल्डरसारखा जमिनीला नत्र देत नाही. पण झाड न मारता त्याच्याकडून घ्यायचे कसे, हे आमच्याही घरात ठाऊक होते. राब सुटला, गॅस आला आणि ते आम्ही विसरलो.

पण भाईजानला दोष कसा देऊ? गावाला तोच राहतो. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली बादल्या तोच मांडतो. आम्ही पुण्यात बसून "झाडे तोडू नका" म्हणायचे आणि घर त्याने सांभाळायचे, हे न्यायाचे नाही.

त्या रात्री खोनोमाच्या चुलीपाशी बसून मी त्याला फोन लावला. आधी विचारले, "छपराला किती लागतील?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग आकडा सांगितला. आम्ही चौघा भावंडांनी तो वाटून घ्यायचे ठरवले. उताराला हात लावायचा नाही. वाळलेली झाडे आणि घरापुरते वासे तेवढे काढायचे. "व्यापाऱ्याला काय सांगू?" त्याने विचारले. मी म्हटले, "सांग, बहिणीने सही दिली नाही. वाईटपणा माझ्याकडे."

तो हसला. म्हणाला, "ये आता गावाला. कुठली फांदी ठेवायची नि कुठली उतरवायची, ते दादाजानांनी मला शिकवले होते. विसरायच्या आत तुझ्या मुलांना दाखवतो."

मे महिन्यात जायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. लेक-जावईही येणार आहेत.