आग्रहाची दिशा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर साचलेला मेद हा केवळ त्याच्या एकट्याच्या जिभेचा अपराध नसतो. लग्नकार्याच्या पंगतीत यजमानाने पानात टाकलेल्या वाढीव जिलबीचा, सकाळच्या तर्रीपोह्यांचा, कचेरीत दुपारच्या चहाबरोबर आलेल्या आलूबोंड्याचा, आणि पाहुण्याच्या बडदास्तीत उणे राहिले असे कोणी म्हणू नये म्हणून वाढतच राहणाऱ्या प्रेमळ हातांचा त्यात मोठा वाटा असतो. ज्या समाजाने आग्रह करकरून हा भार चढविला, तो उतरविण्याच्या कामीही समाजाचाच आग्रह लागतो, असे माझे दृढ मत झाले आहे; आणि ते वर्ध्यात राहून झाले, याचे मला नवल वाटत नाही.

वर्ध्याजवळच्या ज्या शेगावाचे पुढे १९४० साली सेवाग्राम झाले, तेथे गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर राहावयास आले, तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वादाला, म्हणजे जिभेच्या लालसेवरील संयमाला, स्वतंत्र स्थान होते. परंतु ते व्रत एकट्याने कोपऱ्यात बसून पाळावयाचे नव्हते. स्वयंपाक सामुदायिक, पंगत सामुदायिक, आणि सकाळसंध्याकाळच्या फिरण्यातही गांधीजींच्या मागेपुढे सहकाऱ्यांचा मेळा असे. १९४२ साली पुण्यास आगाखान महालात स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात, बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यांनी दिवसभराच्या धान्याचे मान अवघे ६ औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, इतकेच धरले आहे. हे मान कागदावर वाचताना कठोर भासते. शेजारच्या पानातही तेवढेच वाढलेले असले, म्हणजे त्याचा जाच वाटेनासा होतो.

पन्नाशीनंतर देहाचा हिशेबच बदलतो. स्नायू क्षीण होऊ लागतात, रजोनिवृत्तीबरोबर स्त्रियांच्या मेदाचा ओढा पोटाकडे वळतो, आणि तिशीत जे ताट अंगी लागत होते तेच आता अंगावर साचते. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरांपुढे गेली की मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, त्याला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची जोड देऊन, महाराष्ट्रभर नेला. हा परिपाठ सर्वांनाच मानवेल की नाही, याविषयी डॉक्टरांत मतभेद आहेत. परंतु त्याच्या निमित्ताने समदुःखी माणसे एकमेकांची विचारपूस करू लागली, हे श्रेय त्या मतभेदांपलीकडचे आहे.

हनुमान टेकडीवर पहाटे फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळीत एक सेवानिवृत्त नायब तहसीलदार आहेत, एक मुख्याध्यापिकाबाई आहेत, आणि कापूसवेचणीच्या दिवसांत शेताकडे जाण्याची घाई असूनही फेरी न चुकविणारे एक काकाजी आहेत. बाईंच्या पिशवीत शिंप्याची फीत आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाच्या कमरेचे माप त्या वहीत चढते. आकडा वाढलेला निघाला तरी कोणी त्यावर भाष्य करीत नाही, फक्त त्या दिवशी त्या माणसाबरोबर दोघेतिघे एक फेरी जास्त चालतात. दिवाळीत नायब तहसीलदारांनी गोरसपाकाचा पुडा आणला, तेव्हा बाईंनी तो नाकारला नाही. तुपाने खुसखुशीत झालेल्या एका चकतीचे चार तुकडे करून एकेक तुकडा आमच्या तळहातावर ठेवला, आणि उरलेला पुडा शाळेतल्या मुलांसाठी पिशवीत टाकला. एखादा दिवस आळसाने चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी काकाजी वाटेतच विचारतात, "काल काहून नाही आले जी?" त्या प्रश्नात तगाद्याचा कठोरपणा नसतो, तरी त्यापुढे कोणतीही सबब टिकत नाही, कारण आपल्या न येण्याने कोणाला तरी चुकल्यासारखे वाटले, ही जाणीव स्वतःशी केलेल्या शंभर निश्चयांहून बलवत्तर असते.

विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस पायी निघाले, तेव्हा तेही ५५ वर्षांचे होते, आणि भूदानाची पुढची वर्षानुवर्षांची वाटचाल त्यांनी सहयात्रींसह केली. आपल्याला तितके चालावयाचे नाही, आणि तितके थोर कार्यही आपल्या माथी नाही. पण पन्नाशीनंतर नवे पाऊल टाकता येते, याला याहून मोठा दाखला या जिल्ह्यात शोधावा लागणार नाही. तेव्हा वाचकहो, मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर आहार बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्या, शेजारच्या दोन समवयस्कांना उद्या पहाटे हाक मारा, आणि पुढच्या पंगतीत कोणी "पुरे" म्हटले, तर त्याच्या पानात आणखी वाढू नका.