पूर्ण लॉग टाका

स्क्रीन काळी पडली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस समोरचा मागेल ते देऊन मोकळा होतो. लिनक्सवरच्या ग्राफिक्स कार्डांच्या तक्रारी नोंदवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. स्वतःच्या मशिनच्या कमी, इतरांच्या जास्त. डीटीपीवाले, लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ, एकदोन वकील, शाळेची लॅब. इंग्रजीत तक्रार लिहायची म्हटलं की यांना घाम फुटतो, म्हणून गाडी माझ्या दारात येते. तक्रार नोंदवली की पलीकडून बहुतेक वेळा एकच सभ्य, तोकडं उत्तर येतं: पूर्ण लॉग टाका. या वाक्यावर माझा राग आहे.

मागणारा चुकीचं मागत नसतो, हे आधी मान्य करतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर आपलं कार्ड नसतं. त्याला कार्डाची ओळख हवी असते, आणि खोक्यावरचं नाव ही ओळख नव्हेच. एनव्हिडियाचं जीटी ७३० घ्या. डीटीपीच्या मशिनमध्ये हमखास दिसणारं, स्वस्त, गरीब कार्ड. पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, काही फर्मी, काही केपलर. फर्मीसाठीची कंपनीच्या ड्रायव्हरची ३९० मालिका २०२२ च्या अखेरीस थांबली, केपलरची ४७० मालिका २०२४ मध्ये. म्हणजे शेजारशेजारच्या दोन दुकानांत ‘जीटी ७३०’ असलं तरी एकाचा आजार दुसऱ्याला लागू नाही. फरक कळतो तो पीसीआय क्रमांकावरून. त्यातला पहिला भाग कंपनीचा: एएमडीचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई, आणि इंटेलचा ८०८६. इंटेलने आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नावच तिथे मिरवून घेतलं आहे. दुसरा भाग चिपचा. हा क्रमांक त्या मॉडेलच्या प्रत्येक कार्डावर सारखाच असतो, त्यातून तुमचा पत्ता कुणाला लागत नाही. तरी लोक नेमका तोच खोडतात.

हे मी पुनःपुन्हा पाहतो. एका वकीलसाहेबांनी एकदा स्वतःच ‘साफ’ केलेला लॉग पाठवला. आकडे दिसले की खोड, असा त्यांचा खाक्या. पीसीआय क्रमांक गेला, कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती गेली, ओळींच्या सुरुवातीला कंसात असतात ते मशिन सुरू झाल्यापासूनचे सेकंदही गेले. त्या सेकंदांवरूनच तर कळतं की कार्ड आधी अडकलं की मशिन झोपेतून उठताना अडकलं. कर्नलला ‘टेन्टेड’चा शिक्का बसल्याची ओळही त्यांनी काढली, कारण ती वाचायला बदनामीकारक वाटते. तो शिक्का कंपनीचा बंद ड्रायव्हर चढवला की बसतो, आणि ही गोष्ट लपवून कर्नलवाल्यांकडे गेलं तर ते आठवडाभर भलत्याच दिशेला शोधत राहतात. उरलेल्या लॉगमध्ये काय होतं? त्यांच्या राऊटरचा मॅक पत्ता, जसाच्या तसा.

ही ओळ जरा जवळून बघण्यासारखी आहे. डीमेसेज ही कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा. ती दिली की मशिन सुरू झाल्यापासून कर्नल जे जे पुटपुटला ते सगळं समोर येतं. वरच्या बाजूला बूटची ओळ, तीत डिस्कचा यूयूआयडी. मग मदरबोर्डचं नाव. मग नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. मग कधीतरी लावलेल्या पेनड्राइव्हचा सिरियल नंबर. मध्येच ग्राफिक्स ड्रायव्हरच्या दहावीस ओळी, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि थोडं खाली वायफायची ओळ: अमुक पत्त्याशी ऑथेंटिकेट करतो आहे. तो अमुक पत्ता तुमच्या घरातल्या राऊटरचा. राऊटरचे पत्ते आणि त्यांच्या जागा जोडणारे मोठे साठे अस्तित्वात आहेत. जीपीएस बंद असतानाही फोनला जागा सांगता येते ती बऱ्याच अंशी त्यांच्या जोरावर. स्क्रीन लुकलुकते एवढंच सांगायला गेलेला माणूस आपण कुठल्या इमारतीत राहतो हेही सांगून येतो. गंमत म्हणजे हाच कर्नल स्वतःच्या बाबतीत फार जपून असतो. २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ पासून तो आपल्या मेमरीचे खरे पत्ते लॉगमध्ये सहसा छापत नाही, विस्कटून छापतो. राऊटरचा मात्र खुशाल छापतो.

लॉग दाखवणारी दुसरी आज्ञा जर्नलसीटीएल, तिची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दर ओळीला मशिनचं नाव. उबुंटू चढवताना त्याचा इन्स्टॉलर आपलं नाव आणि मशिनचं मॉडेल जोडून एक नाव सुचवतो, आणि घाईत आपण ‘पुढे’ दाबतो. मग काही हजार ओळींवर आडनाव. शिवाय वायफायचं नाव. त्यात आपल्याकडे फ्लॅट नंबर घालायची फार हौस.

खोडायचं कसं, याचीही रीत आहे. ओळ काढायची नाही, शब्द बदलायचा. आणि एकाच गोष्टीला शेवटपर्यंत एकच टोपणनाव. दोन वेगळ्या मॅक पत्त्यांना एकाच फुलीने झाकलं तर वाचणाऱ्याला ती दोन उपकरणं आहेत हे कळणार नाही. मॅकचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो, तो राहू द्यावा. दुसरा अर्धा बदलावा. मशिनची माहिती देणाऱ्या इन्क्सी नावाच्या आज्ञेला झेडचा पर्याय दिला तर आपल्या अहवालात यातलं बरंचसं ती स्वतः झाकते. नवख्या माणसाला मी आधी तीच वापरायला सांगतो.

मॉनिटरची भानगड असेल तर मात्र हात जपून चालवावा लागतो. रिझोल्यूशन चुकीचं येतंय, केबल लावली तरी काळोख, अशा तक्रारीत ईडीआयडी मागतात. मॉनिटर स्वतःबद्दल संगणकाला जे सांगतो तो हा १२८ बाइटचा तुकडा. त्यात बनवणारी कंपनी, मॉडेल, तयार झाल्याचा आठवडा आणि साल, आणि सिरियल नंबर. सिरियल लपवायला म्हणून कुणी ते चार बाइट शून्य करतो आणि फाइल पाठवतो. झालं. १२८ बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली जायला हवी असा नियम आहे आणि शेवटचा बाइट त्यासाठीच राखलेला असतो. सिरियल बदलला आणि शेवटचा बाइट तसाच ठेवला तर डेव्हलपरच्या मशिनवर ‘चेकसम चुकीचा’ असा इशारा येतो, आणि बिचारा त्या नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. बेरीज परत जुळवा, आणि फाइल सुधारली आहे असं एका वाक्यात लिहा. बऱ्याच मॉनिटरमध्ये सिरियल दुसऱ्यांदा, अक्षरांतही लिहिलेला असतो, तोही बघा.

आतापर्यंतचं सगळं वाचता येण्याजोगं होतं. खरी भीती न वाचता येणाऱ्या फाइलींची. प्रोग्रॅम कोसळला की कोअर डम्प बनतो. त्यात त्या क्षणाची मेमरी असते, म्हणजे ब्राउझर कोसळला असेल तर उघडी पानं, अर्धवट लिहिलेली पत्रं, नशीब वाईट असेल तर पासवर्डसुद्धा. लाँचपॅडवर उबुंटूचे असे क्रॅश अहवाल मुळात खासगी ठेवले जातात, कुणीतरी पाहून मगच उघडे होतात, ही समजूतदार व्यवस्था. सगळीकडे ती नाही. बहुतेक वेळा बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी, पुरतो, आणि तो वाचता येतो.

त्याहून फसवी फाइल एपीआयट्रेसची. प्रोग्रॅमने ग्राफिक्स कार्डाला दिलेली प्रत्येक आज्ञा ती नोंदवते, आणि आज्ञेबरोबर चित्रंही. एका स्टुडिओत केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादकात व्हिडिओच्या पूर्वदृश्यावर हिरवे पट्टे येत होते. ट्रेस मागितला गेला. स्टुडिओवाला पाठवायला निघालाच होता. त्या ट्रेसमध्ये एका परक्या घरच्या हळदीची दृश्यं होती, पूर्ण आकारात, कुणालाही उघडून बघता येतील अशी. नवरीमुलीने याला परवानगी दिली होती का? आम्ही आधी नुसती रंगाची क्लिप घेऊन बघितलं, पट्टे आले नाहीत. मग छताला फिरणाऱ्या पंख्याचा व्हिडिओ फोनवर काढला, तो घातला आणि पट्टे आले. ट्रेस त्याचा गेला. माझ्या मते ही या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती: आधी तोच दोष कुणाच्याही नसलेल्या फाइलवर पुन्हा घडवून दाखवा. निम्म्या वेळा असं करताना दोषाचं कारणही अर्धं सापडतं.

माहिती देऊच नये, असं माझं म्हणणं नाही. नुव्हो या एनव्हिडिया कार्डांच्या खुल्या ड्रायव्हरचा इतिहास ठाऊक असलेला माणूस तसं म्हणणारच नाही. एनव्हिडियाने कागदपत्रं दिली नाहीत, तेव्हा कार्ड काय करतं हे बाहेरून बघून तो ड्रायव्हर लिहिला गेला. लोकांनी आपापल्या मशिनवर साधनं चालवून कार्डाच्या रजिस्टरांचे डम्प पाठवले. २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेलं एमएमआयओट्रेस याच कामाचं. तो ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ मध्ये दाखल झाला. कंपनीने स्वतःच्या कर्नल मॉड्यूलचा कोड उघडा केला तो थेट २०२२ मध्ये, आणि तोही ट्युरिंग पिढीपासूनच्या नव्या कार्डांपुरता. जुनी कार्डं चालतात ती अनोळखी लोकांनी दिलेल्या डम्पांवर. पण ते डम्प कार्डाचे होते, घराचे नव्हते.

शिवाय दिलेलं परत घेता येत नाही. दोष दुरुस्त झाला की बदलाच्या खाली ‘रिपोर्टेड-बाय’ असं म्हणून तुमचं नाव आणि ईमेल लिहितात. मान म्हणून ठीक आहे. मात्र गिटच्या इतिहासातली एक ओळ बदलायची तर तिथून पुढचं सगळं बदलावं लागतं, म्हणून कुणी बदलत नाही. तक्रार खासगीत आली असेल तर नाव घालण्याआधी विचारा, असं कर्नलच्या नियमांतच लिहिलं आहे. तक्रारीसाठी वेगळा ईमेल ठेवावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतो क्वचित कुणी.

आता मागणाऱ्यांबद्दल. त्यांच्यातले कित्येक फुकट राबतात, आणि दोनदा विचारण्यापेक्षा एकदाच सगळं मागणं त्यांना सोपं पडतं, हे मला कळतं. आपल्याकडे कुठल्याही खिडकीवर आधारची झेरॉक्स मागतात, तसाच हा प्रकार: लागते म्हणून नव्हे, असलेली बरी म्हणून. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या ओळी आणि त्यांच्या मागचापुढचा मिनिटभर एवढं मागितलं तरी बहुतेक दोष कळतात. पूर्ण लॉग हवाच असेल तर काय झाकायचं ते त्याच उत्तरात सांगायला हवं. नवख्याला ते आपोआप कळेल असं धरून चालणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत नवखा मोजतो.

तरीही तक्रार नोंदवा. २०२२ मध्ये मेसा या लिनक्सवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाच्या २२.० आवृत्तीतून जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्य शाखेबाहेर काढून ‘अंबर’ या वेगळ्या शाखेत ठेवले गेले. एखादं कार्ड अजून वापरात आहे हे लिहिणाऱ्यांना कळतं ते मुख्यतः वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून, आणि दहाबारा वर्षांची कार्डं अजून पोटापाण्याला लावणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. पाठवण्याआधी फाइल उघडा. शोधात आपलं आडनाव टाका, मग वायफायचं नाव, मग ‘ऑथेंटिकेट’ हा इंग्रजी शब्द. सापडेल ते बदला, कार्डाचा क्रमांक तसाच ठेवा, आणि पाठवा.