‘खानदानी’ म्हणजे किती?

आमच्या राहनाळमध्ये मोठ्या आजाराला दोनच नावे आहेत. वडीलधाऱ्याला झाला तर तो ‘खानदानी’, आणि जवान बाईला झाला तर ‘असर’. डॉक्टरने तिसरे नाव दिले तरी ते फायलीतच राहते.

खालाच्या थोरल्या मुलीला, म्हणजे आमच्या आपाला, एका डोळ्याने धुरकट दिसू लागले तेव्हा तिचे वय 29 होते. महिन्याभरात डोळा आपोआप निवळला. दीड वर्षाने कमरेखाली मुंग्या आल्या आणि पाय उचलेना. मधल्या काळात चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, पाणी दम करून झाले, ताईत झाला. शेवटी एमआरआय काढला, पाठीतले पाणी तपासले आणि निदान झाले: मल्टिपल स्क्लेरोसिस.

हा आजार भिवंडीच्या माणसाला समजावून सांगायला फळा लागत नाही. ताण्याच्या धाग्याला साइझिंगमध्ये खळ चढवतात, म्हणून तो मागावर घासूनही टिकतो. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरही असेच एक आवरण असते, मायलिन. शरीराची संरक्षण यंत्रणा, जिला आम्ही वर्गात ‘मुदाफअती निजाम’ म्हणून शिकवतो, ती या आवरणालाच दुश्मन समजून कुरतडते. खळ गेली की धागा कमजोर होतो आणि पुढे तुटतोही.

आपाने हे सारे शांतपणे ऐकून घेतले. घर हादरले ते धाकटीच्या रिश्त्याच्या वेळी. कल्याणहून बायका आल्या होत्या. मुलगी पसंत होती, शिक्षण पसंत होते. उठता उठता मुलाच्या आईने विचारले, “ये बीमारी खून में है क्या?” आम्ही विज्ञान शिकवतो म्हणून खालाने आमच्याकडे पाहिले.

‘हो’ म्हणणे खोटे होते आणि ‘नाही’ म्हणणेही खोटेच. नववीच्या वर्गात आम्ही मेंडेलचे वाटाणे शिकवतो. तो हिशेब थॅलेसेमियाला बरोबर लागू पडतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक धोका. म्हणून निकाहाआधी त्याची रक्ततपासणी जरूर करावी. (आपल्याकडे मंडपाचा भाव सात ठिकाणी विचारतात, ही तपासणी मात्र कोणी विचारत नाही.) मल्टिपल स्क्लेरोसिसचे तसे नाही. त्याच्याशी संबंध असलेल्या जनुकांच्या दोनशेहून अधिक जागा सापडल्या आहेत आणि बहुतेक जागांचा वाटा चिमूटभर आहे. त्यातल्या त्यात मोठा वाटा संरक्षण यंत्रणेला ‘आपला कोण, परका कोण’ हे दाखवणाऱ्या एचएलए जनुकांचा.

रक्ताचा वाटा आहे, हे मुंबईतच दिसून आले. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी केली. ऊन तेच, शहर तेच, पण आपसातच लग्ने करणाऱ्या या छोट्या समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा कितीतरी अधिक निघाला. तरीही उत्तर युरोपाइतका नाही.

मग रक्तच सर्व काही आहे का? जुळ्या भावंडांकडे पाहावे. एकाच गर्भपेशीतून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखीच, तरी पाश्चात्त्य पाहण्यांत एकाला हा आजार असताना दुसऱ्याला तो साधारण चारांपैकी एकाच जोडीत होतो. साध्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन. याउलट इंग्लंडमध्ये 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, भारत-पाकिस्तानातून गेलेल्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत या आजाराचे प्रमाण गोऱ्या इंग्रजांच्या जवळ पोहोचलेले दिसले. रक्त आपलेच, वतन बदलले.

वतन म्हणजे नेमके काय? 2022 मध्ये अमेरिकेच्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून दिसले की एपस्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर धोका 32 पटींनी वाढतो. पण हा विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच. म्हणजे एकटा तोही पुरेसा नाही. आम्हाला सर्वांत पटला तो स्वीडनचा हिशेब. धोक्याच्या एचएलए जनुकांनी धोका सुमारे 5 पट होतो. ती जनुके नसलेल्याने सिगारेट ओढली तर तो थोडासाच वाढतो. दोन्ही एकत्र आले की 13 पटींच्या पुढे! ही बेरीज नव्हे. ताणा आणि बाणा वेगवेगळे धरून कापड मोजता येत नाही, तसेच हे.

उन्हाचा, म्हणजे विटामिन डीचाही संबंध आहे. हे वाक्य उच्चारले की कोणी तरी बुरख्याकडे बोट दाखवतेच. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की स्वीडन-कॅनडातही हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीहून जास्त आहे, आणि तिथे बुरखा घालणाऱ्या मोजक्याच.

2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे गुइलां-बारे सिंड्रोमची साथ आली तेव्हा खालाच्या घरी पुन्हा धसका बसला. तो आजार वेगळा आहे, हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा. दूषित अन्न-पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचे कवच मज्जातंतूच्या कवचासारखे दिसते आणि संरक्षण यंत्रणा फसते. तेच पाणी हजारो जण प्यायले, आजारी पडले ते दोनशेच्या वर. तिथे मात्र कोणी खानदान विचारले नाही, विहिरी तपासल्या. आपाच्या वेळी विहीर नव्हती, म्हणून लोकांनी खालाचे माहेर तपासले.

कल्याणच्या बायकांना आम्ही शंभरात दोन-तीनचा आकडा सांगितला. म्हणजे सत्त्याण्णव जणी सुखरूप, हेही सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा फोन केला नाही. धाकटीने त्यानंतर ठरवले की पहिल्याच भेटीत, चहाच्या आधी, आपण होऊन सांगायचे. खालाला ते मुळीच पसंत नाही. आम्हाला आहे.

आपा आता गोदामात हिशेब लिहिते. औषध चालू आहे, त्याने नवे झटके कमी होतात, गेलेले परत येत नाही. दुपारी उकाडा वाढला की पाय जड होतो, म्हणून मालकाने तिचे टेबल पंख्याखाली घेतले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे, पण चालत आलेल्या बाईला दाखला कशाला, असे तिला खिडकीवर दोनदा ऐकावे लागले. सोमवारी आम्ही अर्धी रजा टाकली आहे. कायद्याची छापील प्रत घेऊन तिच्याबरोबर जाणार आहोत.